भिंतीपलीकडचा हात

हातकणंगले तालुक्यातल्या हुपरीत चांदीच्या पैंजणाला डाग देणारा कारागीर चिमटा आणि कडी यांच्यातलं अंतर मोजत बसत नाही. दोन डोळ्यांत जेमतेम साडेसहा सेंटिमीटरचं अंतर. दोन्ही डोळ्यांना कडी किंचित निराळी दिसते आणि त्या फरकावरून मेंदू खोली ठरवतो. तेच काम सपाट पडद्यावर पाहत करायला लावलं, तर त्याचा चिमटा कडीच्या अलीकडे नाहीतर पलीकडे मिटेल.

ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात ही अडचण रोजच्या कामातली. किरणोत्सारी वस्तू ‘हॉट सेल’मध्ये, जाड काँक्रीटच्या भिंतीआड असतात. अलीकडे माणूस मूठ हलवतो, पलीकडे यांत्रिक हात तशीच हालचाल करतो. हे मास्टर-स्लेव्ह मॅनिप्युलेटर रे गोर्ट्झ यांनी अमेरिकेतल्या आर्गॉन प्रयोगशाळेत १९४०च्या दशकाच्या अखेरीस घडवले. दोन्ही टोकं तारा-फितींनी जोडलेली, म्हणून पलीकडचा धक्का मुठीत जाणवतो. पाहायला शिशाच्या काचेची जाडजूड, पिवळसर खिडकी. तिच्यातून वस्तू असते त्याहून जवळ भासते. पण दोन्ही डोळे कामी येतात आणि सरावाने हात जमतो.

पंचाईत पुढे झाली. तारांच्या जागी विजेच्या मोटारी आल्या. भाभा केंद्रानेही असे सर्व्हो मॅनिप्युलेटर विकसित केले. आता माणसाला भिंतीला खेटून उभं राहायला नको. मात्र खिडकी सुटली आणि कॅमेरा आला.

एका कॅमेऱ्याच्या चित्रात खोलीच्या खुणाच तेवढ्या उरतात: कोण कोणाला झाकतं, काय लहान दिसतं, सावली कुठे पडते. यात सावली फार कामाची. यांत्रिक बोट वस्तूला टेकतं त्याच क्षणी त्याची सावली त्याला येऊन भिडते. त्यामुळे दिवा कुठे लावला, यावरही पकड ठरते! दुसरा कॅमेरा काटकोनात बसवला की अंतर कळतं, पण नजर दोन पडद्यांत फिरत राहते आणि काम रेंगाळतं.

शस्त्रक्रियेच्या ‘दा विंची’ यंत्राने वेगळी वाट धरली. अमेरिकेत २००० साली मान्यता मिळालेलं हे यंत्र आज मुंबई-पुण्यातही आहे. त्यात डॉक्टरच्या प्रत्येक डोळ्याला स्वतंत्र चित्र मिळतं. या यंत्राच्या आधीच्या पिढ्यांत स्पर्श हाताला कळत नसे; टाक्याचा धागा किती ताणला गेला, हेही डोळ्यांनीच ओळखावं लागे.

दोन चित्रांचीही किंमत मोजावी लागते. बुबुळं चित्रातल्या अंतराप्रमाणे वळतात, डोळ्याचं भिंग मात्र पडद्यावरच स्थिरावतं. या ओढाताणीत डोकं दुखू लागतं. दोन कॅमेरे एकमेकांपासून फार लांब ठेवले, तर खोली अवास्तव वाढलेली दिसते. यंत्राचा हात नुसता जागेवर न्यायचा असेल, तर सपाट पडदा बहुतेकदा पुरतो. भोकात खुंटी बसवताना मात्र दोन डोळ्यांचं चित्र हवं.