चीनमधलं राहणं (भाग ६) : पासपोर्ट खिशात, बेत आठवडाभर आधी

मागच्या भागात बीजिंगमध्ये भाड्याचं घर कसं मिळवायचं ते पाहिलं. किल्ली हातात आली की लगेच भटकायला बाहेर पडावंसं वाटतं, पण आधी पोलीस चौकी गाठायची. हॉटेलात उतरलेल्या परदेशी माणसाची नोंद हॉटेलवालाच करतो. भाड्याच्या किंवा ओळखीच्या घरी राहणाऱ्याला मात्र २४ तासांच्या आत जवळच्या चौकीत स्वतःची नोंद करावी लागते. पासपोर्ट, भाडेकरार आणि जमल्यास घरमालक, एवढं सोबत न्यावं. तिथे मिळणारा कागद जपून ठेवा; राहण्याचा परवाना काढताना तो लागतोच.

इथून पुढे पासपोर्ट घरी ठेवायचा नाही. स्टेशनात किंवा प्रेक्षणीय स्थळी चिनी माणूस आपलं ओळखपत्र यंत्राला टेकवतो आणि आत जातो. आपल्याला पासपोर्ट दाखवावा लागतो, कधी त्याच फाटकावर, कधी बाजूच्या खिडकीवर. रेल्वेचं कागदी तिकीट आता उरलेलं नाही; बुकिंग पासपोर्टाच्या नंबरावर होतं आणि फलाटावर जाताना पासपोर्टच तिकीट म्हणून चालतो. नाव भरताना मात्र सांभाळा. आपल्या पासपोर्टात बहुधा स्वतःच्या नावापुढे वडिलांचं नावही असतं. ते गाळून बुकिंग केलं तर ओळख पटवताना खोळंबा ठरलेला.

पर्यटनालाही असंच आगाऊ बुकिंग लागतं. पुण्यात मनात आलं की आपण सिंहगडाला निघतो. बीजिंगमध्ये निषिद्ध नगरीला, म्हणजे सम्राटांच्या जुन्या राजवाड्याला, तसं जाता येत नाही. तिथली तिकिटं सात दिवस आधी, रात्री ८ वाजता ऑनलाइन खुली होतात आणि सुट्ट्यांच्या मोसमात बघता बघता संपतात. सणासुदीचे दिवस सोडले तर सोमवारी राजवाडा बंद असतो. समोरच्या थ्येनआनमेन चौकात जायलाही २०२१ च्या अखेरीपासून आगाऊ नोंदणी करावी लागते, तीही फुकटच्या चौकासाठी! या पद्धतीने मी कितीदा वैतागलो असेन, पण दर्शनबारीतल्या रेटारेटीपेक्षा ती बरी, हेही खरं. आपण कुठे कधी गेलो याची नोंद सरकारदरबारी राहते, हे मात्र खटकतं.

राजवाड्यात शिरायचं दक्षिणेच्या दरवाजाने. १४२० मध्ये बांधून झालेल्या या वास्तूत मिंग आणि छिंग घराण्यांचे २४ सम्राट राहिले. नवखा माणूस मधल्या रांगेतल्या मोठ्या दालनांमागे गर्दीबरोबर वाहत जातो. माझं ऐकाल तर पूर्व-पश्चिमेच्या लहान चौकांत शिरा. राण्यांची, दासींची, खोजांची वस्ती तिकडे होती. उत्तरेच्या दरवाजाने बाहेर पडलं की समोर चिंगशानची टेकडी दिसते. खंदक खणताना निघालेल्या मातीची ही टेकडी. तिच्यावरून अख्ख्या राजवाड्याची पिवळी छपरं एका नजरेत मावतात, आणि तिकीट अगदी किरकोळ.

पण बीजिंगचा खरा रोजचा संसार पाहायचा तर सकाळी लवकर स्वर्गमंदिराच्या बागेत जावं. बागेचं साधं तिकीट पुरे. आतल्या इमारती नंतर उघडतात. झाडांखाली ताइची चाललेली असते, लांबलचक ओवरीत पत्त्यांचे डाव रंगलेले असतात, कुणी पिसांचं फूल पायाने झेलत असतं, तर कुणी भल्या मोठ्या ब्रशने फरशीवर पाण्याची अक्षरं काढत असतं. एवढी रिकामी माणसं आली कुठून? कारखान्यातल्या बायका २०२४ पर्यंत ५० व्या वर्षी निवृत्त होत आणि पुरुष ६० व्या. २०२५ पासून हे वय हळूहळू वाढवायला सुरुवात झाली आहे. राजवाड्याशेजारच्या चोंगशान बागेत तर आईबाप मुलामुलींचं वय, उंची, शिक्षण, पगार कागदावर लिहून स्थळं शोधत असतात. लग्नाच्या वयाच्या मराठी वाचकांनी तिकडे फार रेंगाळू नये.

आता चीनच्या भिंतीबद्दल थोडक्यात. वेगवान रेल्वे २०१९ पासून थेट बादालिंगला जाते, पण तिथे गर्दी फार. भिंतीचा मुथ्यानयूचा भाग तुलनेने मोकळा. आणि १ ऑक्टोबरला सुरू होणाऱ्या राष्ट्रीय दिनाच्या सुट्टीत दोन्हीकडे फिरकू नका. अख्खा देश त्याच वेळी बाहेर पडलेला असतो. त्या सुट्टीची भरपाई म्हणून आसपासचा एखादा शनिवार-रविवार कामाचा ठरवतात, तेव्हा नोकरी करणाऱ्यांनी कॅलेंडर आधी बघून घ्यावं.

भिंतीवरच्या गर्दीऐवजी एक दिवस शच्याच्वांग शहरासाठी काढावा असं मी सुचवेन. बीजिंगहून वेगवान गाडीने सव्वा-दीड तासाचा प्रवास. तिथल्या शहीद स्मारकाच्या आवारात सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांची समाधी आहे. १९३८ मध्ये काँग्रेसने पाठवलेल्या पाच डॉक्टरांपैकी ते एक. ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या ३२ व्या वर्षी त्यांचं चीनमध्येच निधन झालं. जुन्या पिढीतले चिनी लोक त्यांना 'ख तीह्वा' या नावाने ओळखतात. पर्यटकांच्या नेहमीच्या यादीत हे शहर नसतं. तुम्ही बीजिंगला आलात, तर ते आपल्या यादीत घाला.