वाळवंटाच्या पोटातील पाणी

ऑस्ट्रेलियाच्या मध्यभागी एक रुक्ष प्रदेश पसरलेला आहे. तांबड्या वाळूच्या टेकड्यांच्या समांतर रांगा, दगडगोट्यांची मैदाने आणि कोरडी नदीपात्रे हे त्याचे स्वरूप होय. येथील नद्या समुद्राला मिळत नाहीत. त्या एअर सरोवराकडे वळतात. या सरोवराचा तळ समुद्रसपाटीहून सुमारे १५ मीटर खाली आहे. १९७४ साली ते तुडुंब भरले होते. परंतु एरवी तेथे पांढऱ्या मिठाचा थरच दिसतो.

अशा उजाड प्रदेशातही गुरे पाळली जातात. गुरांच्या अशा विस्तीर्ण कुरणास तेथे ‘स्टेशन’ म्हणतात. ॲना क्रीक नावाचे स्टेशन तर इस्राएल देशाहूनही मोठे आहे! मग या गुरांना पाणी मिळते कोठून?

ते मिळते जमिनीच्या पोटातून. पूर्वेकडील डोंगररांगांवर पडलेला पाऊस सच्छिद्र वालुकाश्मात मुरतो व वर्षाला जेमतेम काही मीटर इतक्या मंद गतीने पश्चिमेकडे सरकतो. वर व खाली अभेद्य खडकांचे थर असल्यामुळे हे पाणी मध्ये कोंडले जाते. उंचावरील टाकीला जोडलेली तोटी सखल जागी उघडताच पाणी जोराने बाहेर येते ना? तसेच येथे घडते. जमिनीत खोल छिद्र पाडले, की पाणी आपोआप उसळून वर येते. अशा विहिरीस आर्टेशियन विहीर म्हणतात. काही ठिकाणी हे पाणी दहा लक्ष वर्षांहूनही जुने आहे.

कित्येक ठिकाणी या पाण्याचे नैसर्गिक झरेही आहेत. तेथील आदिवासींना ते प्राचीन काळापासून ठाऊक होते. त्यांच्या वाटा या झऱ्यांना धरूनच जात. १८७८ पासून स्टेशनवाल्यांनी विहिरी खोदण्यास आरंभ केला. पाणी अपार आहे, असे समजून त्यांनी ते उघड्या चरांतून रात्रंदिवस वाहू दिले. त्यातील नव्वद टक्क्यांहून अधिक पाणी उन्हाने आटून किंवा जमिनीत जिरून वाया जाई. परिणामी भूगर्भातील दाब घटला आणि कित्येक झरे आटले.

अखेर लोक सावध झाले. १९९९ साली सरकारने स्टेशनवाल्यांच्या साहाय्याने मोठी योजना हाती घेतली. शेकडो विहिरींना झडपा बसवल्या व चरांऐवजी नळ घातले. त्यामुळे अनेक ठिकाणी पाण्याचा दाब पुन्हा वाढला.

मुलांनो, जे पाणी साठण्यास लक्षावधी वर्षे लागली, ते उधळण्यास एक शतकही पुरे होते. म्हणून जमिनीतील पाणी ही मोजून वापरावयाची ठेव आहे.