शटर शाबूत, गल्ला रिकामा

सलूनमध्ये चोरण्यासारखे असते तरी काय, असे या धंद्यातली माणसेही म्हणतात. दोन-तीन खुर्च्या, आरसे, ट्रिमर, गल्ल्यात दिवसभराची रोकड. त्यामुळे बंदोबस्ताचा सगळा भर रात्रीवर असतो: शटरला दोन कुलपे, दारावर कॅमेरा, जमलेच तर विमा. पण शटर तोडून झालेली चोरी निदान सकाळी दिसते. केस कापल्याचे लिहायचे आणि सोबतच्या फेशियलचे पैसे खिशात टाकायचे, ही चोरी कोणत्याच सकाळी दिसत नाही. दिवसाला असे 200 रुपये गेले, तर सोमवारची सुट्टी सोडून महिन्याच्या 26 दिवसांत 5,200 आणि वर्षाला 62,400 रुपये होतात. रंगाच्या ट्यूबचेही तेच. मुळांना टचअप करायला बहुधा अर्धी ट्यूब पुरते. पूर्ण पिळली की उरलेला रंग वाटीत काळा पडतो आणि बेसिनमधून वाहून जातो. इथे चोर कोणीच नाही, नुकसान मात्र आहे. 22 सप्टेंबर 2025 पासून सलूनच्या सेवेवरचा जीएसटी 18 वरून 5 टक्के झाला खरा, पण खरेदीवर भरलेल्या कराची वजावट त्यात मिळत नाही. म्हणजे वाया गेलेल्या ट्यूबवरचा करही मालकाच्याच अंगावर. या सगळ्या गळतीचे मूळ एकच: काय आले, काय वापरले, किती मिळाले हे कुठेच लिहिलेले नसते. आणि न लिहिलेली वस्तू गेली, हे पोलिसांना, विमा कंपनीला, फार काय स्वतःलाही पटवता येत नाही.

‘पॉलिसी आहे, चोरी झाली तर पैसे मिळतील’ हा समज अर्धाच खरा आहे. दुकानाच्या घरफोडी विम्यात बहुधा बळाने आत शिरल्याची किंवा बाहेर पडल्याची अट असते. 2004 साली हरचंद राय चंदनलाल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ही अट जशीच्या तशी लागू केली. बळाचा वापर झालेला नसेल तर अशा पॉलिसीखाली भरपाई नाही. भर दुपारी, उघड्या दुकानातून, कामावरच्याच माणसाने केराटिनचा डबा नेला तर ती चोरी ठरते, घरफोडी नव्हे. त्यासाठी ‘फिडेलिटी गॅरंटी’ हे वेगळे संरक्षण घ्यावे लागते. तेही घेतले, तरी कपाटात मुळात किती माल होता हा प्रश्न सुटत नाही.

पोलिसांत गेल्यावरही गाडी तिथेच येऊन अडते. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत नोकराने मालकाच्या ताब्यातला माल चोरण्यासाठी कलम 306 आहे आणि शिक्षा 7 वर्षांपर्यंत. मात्र 5,000 रुपयांपेक्षा कमी किमतीची साधी चोरी आता अदखलपात्र आहे. तेव्हा माल किती रुपयांचा होता हे सांगणारे खरेदीचे बिल हाताशी हवे. काही मालक याला सोपी वाट शोधतात: पगारातून कापून घ्यायचे. 1936 चा वेतन कायदा असो की त्याच्या जागी आलेली वेतन संहिता, नुकसानीपोटी कपात करण्याआधी कामगाराचे म्हणणे ऐकून घ्यावेच लागते. नुसत्या संशयावर कापलेला पगार उलट मालकालाच गोत्यात आणतो.

कॅमेऱ्यावरचा भरवसाही जरा जास्तच आहे. कॅमेऱ्यात हात दिसतो, त्या हाताने बिलात काय लिहिले नाही ते दिसत नाही. डिस्क भरली की जुने चित्रण आपोआप पुसले जाते, आणि डीव्हीआर काउंटरखालीच असेल तर चोर तोही उचलतो. न्यायालयात चित्रण दाखल करायचे तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 खालचे प्रमाणपत्र लागते. वॅक्सिंगच्या खोलीत कॅमेरा लावण्याचा तर विचारही करू नये, तसे करणे हाच गुन्हा ठरू शकतो. यूपीआय आल्याने गल्ल्याचा प्रश्न मिटला असेही नाही. ग्राहकाने दाखवलेला स्क्रीनशॉट म्हणजे जमा झालेले पैसे नव्हेत, आणि काउंटरवरच्या क्यूआर कोडवर दुसरा स्टिकर चिकटवायला अर्धे मिनिट पुरते. सकाळी दुकान उघडताच त्या कोडवर एक रुपया टाकून साउंडबॉक्स बोलतो का ते ऐकावे. फसवणूक झालीच तर 1930 या सायबर हेल्पलाइनवर लगेच फोन.

मालकांना सर्वांत जास्त बोचते ती मात्र वेगळीच चोरी: शिकवलेला कारागीर ग्राहक घेऊन समोरच्या गल्लीत दुकान टाकतो. त्यावर स्टॅम्पपेपरवर बॉण्ड लिहून घेतला की झाले, असे मानतात. पण 1872 च्या करार कायद्याचे कलम 27 धंद्याला मज्जाव करणारा करार शून्यवत ठरवते. 2006 मध्ये क्रिकेटपटू झहीर खानच्या प्रकरणात करार संपल्यानंतरचे असे बंधन सर्वोच्च न्यायालयाने याच कलमावर बोट ठेवून नाकारले होते. नोकरी चालू असेपर्यंत बंधन घालता येते, सुटल्यावर नाही.

तेव्हा गळतीवर उपाय उरतो तो लिहून ठेवण्याचाच. त्यावर रास्त आक्षेप असा, की दोन खुर्च्यांच्या दुकानात एवढे लिहीत कोण बसणार, आणि हिशेब मागितला की कारागीर दुखावतो. पण निम्मे-निम्मे किंवा कमिशनवर काम करणाऱ्याला नोंद मालकाइतकीच हवी असते. आपण किती डोकी केली यावरूनच महिनाअखेरीस वाद होतात. शिवाय एसीएफई या लेखाफसवणूक तपासनिसांच्या संघटनेच्या 2024 च्या अहवालात 43 टक्के प्रकरणे कोणीतरी सांगितल्यामुळे उघड झाली होती, आणि सांगणाऱ्यांत निम्म्याहून अधिक तिथलेच कर्मचारी होते. सगळ्यांवरच संशय घेणाऱ्या मालकाला ते कोण सांगणार? लिहायचेही फार नाही. रात्री गल्ला दोघांनी मोजायचा आणि वहीत दोघांनी सही करायची. रंगाच्या ट्रॉलीवर स्वयंपाकघरातला डिजिटल काटा ठेवायचा आणि वाटीत कोणत्या शेडचे किती ग्रॅम काढले ते ग्राहकाच्या कार्डावर टिपायचे. ट्यूबचा हिशेब त्यातच होतो, आणि पुढच्या खेपेला रंग लावणारा कारागीर दुसरा असला तरी त्या ग्राहकाच्या केसांची तीच छटा जमते.