औषधाची किंमत आणि सल्ल्याचे मोल

क्षयरोग्याने आरोग्यधामात राहूनच बरे व्हावे, असा एके काळी सर्वत्र समज होता. १९५६ साली मद्रास येथे सुरू झालेल्या एका अभ्यासाने तो मोडून काढला. सुमारे दोनशे गरीब रुग्णांपैकी निम्म्यांवर आरोग्यधामात, तर निम्म्यांवर त्यांच्या दाटीवाटीच्या घरांतच उपचार करण्यात आले. वर्षअखेरीस दोन्हीकडचे निष्कर्ष जवळजवळ सारखेच निघाले. रुग्णालयातील खाटांचा खर्च वाचला आणि गरीब देशांना मोठाच दिलासा मिळाला. मात्र या यशामागील एक अट पुढे विस्मरणात गेली. त्या घरी राहणाऱ्या रुग्णांना भेटी दिल्या जात, उरलेल्या गोळ्या मोजल्या जात. थोडक्यात, रुग्ण घरी होता, पण एकटा नव्हता.

आज क्षयरोगाचा नेहमीचा उपचार सहा महिन्यांचा आहे. दोनएक महिन्यांत ताप उतरतो, भूक लागू लागते आणि नेमक्या याच टप्प्यावर गोळ्या नकोशा होतात. रिफॅम्पिसिनमुळे लघवी तांबूस होते. हा प्रकार निरुपद्रवी आहे; पण ठाऊक नसलेला रुग्ण घाबरून औषध सोडून देतो. याउलट डोळे पिवळे दिसू लागले, तर तत्काळ डॉक्टरांकडे जाणे अगत्याचे असते. कशाला भ्यावे आणि कशाला भिऊ नये, हे सांगणारा जाणकार माणूस अशा वेळी हवा असतो. डॉक्टरांकडे रांग असते आणि तेथे जायचे तर दिवसाचा रोज बुडतो. औषधनिर्मात्याचा आठवड्यातून एक दूरध्वनी मात्र हे काम सहज करू शकेल.

मग ते होत का नाही? उत्तर अर्थशास्त्रात आहे. औषधविक्रेत्याची प्राप्ती विक्रीवरील नफ्यातून होते. सल्ल्याला बाजारात किंमत नाही. २०१५ च्या फार्मसी व्यवसाय नियमावलीने रुग्णाला समुपदेशन करण्याचे कर्तव्य औषधनिर्मात्यावर सोपविले, परंतु त्याच्या मोबदल्याची व्यवस्था लावली नाही. शिवाय या सल्ल्याचा लाभ एकट्या रुग्णाला होत नाही. उपचार अर्धवट सुटला, तर औषधांना दाद न देणारा क्षय बळावतो आणि तो शेजाऱ्यापाजाऱ्यांपर्यंत पोहोचतो. ज्या सेवेचा लाभ सर्वांना होतो, तिचे पैसे एकट्या गरिबाने द्यावेत, ही अपेक्षा न्याय्य नाही आणि व्यवहार्यही नाही. असा खर्च शासनानेच उचलावयाचा असतो.

इंग्लंडमध्ये २०११ पासून दमा, मधुमेह, रक्तदाब अशा विकारांसाठी नवे औषध सुरू झालेल्या रुग्णाशी औषधनिर्माता ठरावीक दिवसांनी बोलतो. हे बोलणे दूरध्वनीवरूनही होऊ शकते. त्याचे शुल्क तेथील राष्ट्रीय आरोग्य सेवा देते. आपल्याकडेही हे तत्त्व अगदीच परके नाही. क्षयरुग्णाच्या आहारासाठी २०१८ पासून दरमहा ५०० रुपये, तर नोव्हेंबर २०२४ पासून १,००० रुपये शासन देते. अन्नासाठी पैसे द्यावयाचे आणि सरकारी केंद्रातून गोळ्याही विनामूल्य द्यावयाच्या, पण त्या गोळ्या पोटात जाव्यात म्हणून लागणाऱ्या चार शब्दांसाठी हात आखडता घ्यावयाचा, हा कसला हिशेब?

या सूचनेवरील आक्षेप रास्त आहेत. पुष्कळ दुकानांत औषधनिर्मात्याचे प्रमाणपत्र भिंतीवर असते आणि तो स्वतः मात्र नसतो. क्षयाची बातमी फुटली, तर नोकरी वा ठरलेले लग्न मोडू शकते. घरातला दूरध्वनी प्रथम कोण उचलेल, याचा नेम नसतो. म्हणूनच हे संभाषण रुग्णाच्या संमतीने, त्याने सांगितलेल्या वेळी आणि नोंदणीकृत औषधनिर्मात्यानेच करावे. औषधात बदल करण्याचा अधिकार डॉक्टरांकडेच राहावा. आणि मोबदला प्रत्यक्ष झालेल्या, नोंदलेल्या संभाषणावरच मिळावा.

जगातील क्षयरुग्णांपैकी सुमारे एकचतुर्थांश रुग्ण आपल्या देशात आहेत. मद्रासच्या त्या अभ्यासातून घरच्या उपचाराची काटकसर आपण उचलली, सोबतीचा खर्च मात्र टाळला. तो टाळून झालेली बचत ही बचत नव्हे. ते पुढच्या पिढीच्या नावावर काढलेले कर्ज आहे.