तारांकित प्रश्न आणि घरांतला दिवा



विधानसभेच्या वृत्तांतांत ‘तारांकित प्रश्न’ हा शब्द आपण वाचतां. ताऱ्याची खूण असलेला प्रश्न तोंडी उत्तरासाठीं असतो. आणि मंत्र्याच्या उत्तरावर सभासदास उपप्रश्न विचारतां येतो. खरी परीक्षा उपप्रश्नाचीच. पाठ करून आलेला विद्यार्थी कोठें अडखळतो, हें आम्हां शिक्षकांस चांगलें ठाऊक आहे!

आमच्या बीड जिल्ह्याचेंच पाहा. सन २०१३ च्या फेब्रुवारींत परळीचें औष्णिक विद्युत् केंद्र पाण्याअभावीं बंद ठेवावें लागलें. कोळशाच्या आंचेनें पाण्याची वाफ होते, वाफेनें चक्र फिरतें. ती वाफ पुन्हा निववावयासही पाणीच लागतें. अशा जिल्ह्याच्या प्रतिनिधीनें ‘वीज किती वाढविणार?’ एवढेंच विचारून खालीं बसणें पुरेसें नाहीं. ‘घरोघरची किती वांचविणार?’ हा उपप्रश्न त्यानें केलाच पाहिजे.

६० वॉटचा जुना दिवा काढून ९ वॉटचा एलईडी लावला व तो रोज ५ तास जळला, तर चार दिवसांत एक युनिट वांचतें. ऊर्जा संवर्धन कायदा २००१ सालीं झाला. फ्रिजवर तारे दाखविणारी चिठ्ठी २००६ पासून दिसूं लागली. पण कमी वीज खाणारा पंखा महाग पडतो. भाड्याच्या घरांत पंखे मालकाचे, बिल भाडेकऱ्याचें; मग नवा पंखा कोणीं आणावयाचा? ह्या गांठीवर सरकारजवळ काय उपाय आहे, असें विचारणारा सभासद मला ऐकावयाचा आहे.