रामेन: वाडग्याच्या तळाशी काय असतं

टोकियोला गेलात आणि एक दुपार मोकळी मिळाली, तर जवळच्या शिन-योकोहामाचं रामेन संग्रहालय गाठावं. १९९४ साली सुरू झालेल्या या इमारतीच्या तळघरात जुन्या जपानी वस्तीचा देखावा उभारला आहे आणि त्यातल्या गल्ल्यांमध्ये निरनिराळ्या भागांतली रामेनची दुकानं आहेत. तिथे छोटा वाडगाही मिळतो, त्यामुळे एका फेरीत दोन-तीन तऱ्हा चाखून होतात. फक्त काही समजुती आधी दूर केलेल्या बऱ्या.

पहिली समजूत अर्थातच मॅगीची, म्हणजे रामेन हे झटपट नूडल्सचंच दुसरं नाव आहे अशी. त्या देखाव्यातलं साल आहे १९५८, आणि ते मुद्दाम निवडलेलं आहे. त्याच वर्षी मोमोफुकु आंदो यांनी ‘चिकिन रामेन’ हे पहिलं झटपट रामेन बाजारात आणलं. त्यातल्या नूडल्स तेलात तळून कोरड्या केलेल्या, वर गरम पाणी ओतलं की झालं. दुकानातल्या रामेनचा रस्सा मात्र तासन्‌तास चुलीवर असतो. रामेन ही जपानची प्राचीन परंपरा आहे, हेही खरं नाही. १९१० साली टोकियोच्या असाकुसा भागात ‘राइराइकेन’ हे रामेनचं दुकान सुरू झालं. तिथले स्वयंपाकी योकोहामाच्या चिनी वस्तीतून आणलेले होते. मूळ चिनी नूडल्सना जपानी सोया सॉसची जोड मिळाली आणि जेमतेम शतकभरात हा पदार्थ घडला.

सगळ्यात पसरलेला गैरसमज म्हणजे रामेनचे प्रकार चार: शोयु, शिओ, मिसो आणि तोन्कोत्सु. ही यादी सगळीकडे दिसते, पण तिच्यात दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ आहे. वाडगा भरताना नीट पाहा. स्वयंपाकी गरम केलेल्या रिकाम्या वाडग्यात आधी पळीभर दाट, खारट अर्क घालतो. याला ‘तारे’ म्हणतात. सोबत थोडं सुवासिक तेल. त्यावर उकळता रस्सा, मग पाणी झटकून घडी घातल्यासारख्या ठेवलेल्या नूडल्स आणि शेवटी मांसाचे काप, अंडं, कांद्याची पात. शोयु म्हणजे सोया सॉस, शिओ म्हणजे मीठ आणि मिसो म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचा लगदा. ही तिन्ही नावं तळाशी पडणाऱ्या अर्काची. तोन्कोत्सु हे नाव रश्श्याचं, डुकराच्या हाडांच्या रश्श्याचं. त्यामुळे एकच रामेन शोयुही असू शकतं आणि तोन्कोत्सुही. उदाहरण योकोहामातलंच आहे: १९७४ साली सुरू झालेल्या ‘योशिमुराया’ या दुकानाने हाडांचा रस्सा आणि सोया सॉसचा अर्क एकत्र आणला आणि त्यातून ‘इएकेइ’ नावाची अख्खी शाखा निघाली. माझ्या मते एवढी एक गोष्ट कळली की रामेन चाखण्यातली निम्मी मजा हाती येते. खारटपणा कुठून येतो आणि रश्श्याचा दाटपणा कुठून, हे जिभेवर वेगवेगळं ओळखू येतं.

तोन्कोत्सुचा दुधाळ रंग पाहून पुष्कळांना त्यात दूध किंवा साय असेल असं वाटतं. तसं काही नसतं. साधा रस्सा मंद आचेवर ठेवतात, म्हणून तो नितळ राहतो. इथे मात्र हाडं खळखळून उकळत ठेवतात. हाडांतून सुटलेलं जिलेटिन आणि चरबी त्या खळखळाटात पाण्यात मिसळून जातात आणि रस्सा पांढरा होतो. ही तऱ्हा क्युशू बेटावरच्या कुरुमे गावची. तिथे १९३७ साली ‘नानकिन सेनरयो’ या गाडीवर तोन्कोत्सु रामेन मिळू लागलं.

नूडल्सचा पिवळा रंगही अंड्याचाच असतो असं नाही. पिठात ‘कान्सुइ’ नावाचं क्षारांचं पाणी घालतात; त्यात मुख्यतः सोडियम आणि पोटॅशियम कार्बोनेट असतं. पापडाच्या पिठात पापडखार घालतो, तसंच हे. त्या खारामुळे पीठ पिवळसर होतं आणि नूडल्सना चिवट लवचिकपणा येतो.

शाकाहारी मंडळींनी एक लक्षात ठेवावं. शिओ रामेन दिसायला नितळ, म्हणून ते चालेल असं वाटतं. वरचे मांसाचे काप काढून द्या, अशी विनंती केली जाते. पण त्या नितळ रश्श्यात बहुधा कोंबडी, डुकराची हाडं, सुकवलेली छोटी मासळी असते आणि अर्कातही मासळी असू शकते. वरचे काप काढून काहीच साधत नाही. त्यापेक्षा मुळातच शाकाहारी रामेन करणारी जागा शोधावी. टोकियो स्थानकाच्या आवारातल्या ‘टीज तानतान’मध्ये संपूर्ण वनस्पतिजन्य रामेन मिळतं आणि त्यांचं तिळाचं रामेन मनापासून खावं असं आहे.

चाखायचा क्रम हलक्याकडून जडाकडे ठेवावा: आधी शिओ, मग शोयु, त्यानंतर साप्पोरोचं मिसो आणि शेवटी तोन्कोत्सु. उलट केलं तर चरबीचा थर जिभेवर बसतो आणि शिओ नुसतं खारट पाणी वाटतं. सुरुवातीला दोन चमचे नुसता रस्सा घ्यावा, मग मात्र गप्पा बाजूला ठेवून खावं, कारण नूडल्स रश्श्यात फुगत जातात. सुर्र आवाजाचा संकोच नको. हवेबरोबर वास नाकापर्यंत पोचतो. रस्सा उरवला तर आचाऱ्याचा अपमान होतो, असंही मनात आणू नये. त्यात मीठ भरपूर असतं आणि जपानी माणसंही तो सर्रास उरवतात. क्युशूतल्या हाकाता भागाच्या तऱ्हेचं तोन्कोत्सु देणाऱ्या दुकानात तर तो मुद्दाम राखावा. तिथल्या बारीक नूडल्स लवकर मऊ पडतात म्हणून आधी थोड्याच वाढतात. त्या संपल्या की ‘काएदामा’ म्हणायचं, उरलेल्या रश्श्यात ताज्या नूडल्स येऊन पडतात.