ट्रॅक्टरच्या चेंबरची तेलगळती : निदान व दुरुस्ती

मृगाचा पाऊस पडून जमिनीस वाफसा आला की पेरणीसाठी मिळणारे दिवस मोजकेच असतात. त्याच दिवसांत ट्रॅक्टरचे इंजिन बंद पडले, तर शेतकऱ्याची हानी दुरुस्तीच्या खर्चापुरती राहत नाही. हंगामच हातचा जातो. अशा बिघाडाची सुरुवात पुष्कळदा क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टीतून होते. रात्री उभ्या केलेल्या ट्रॅक्टरखाली सकाळी तेलाचा काळा डाग दिसतो आणि “जुने यंत्र आहे, थोडे गळणारच” असे म्हणून तो मातीने झाकला जातो.

इंजिनाच्या तळाशी असलेल्या तेलपात्रास कारागीर ‘चेंबर’ म्हणतात. त्यातील तेल पंप जाळीतून ओढून घेतो व दाबाने क्रँकशाफ्टच्या बेअरिंगांना पुरवितो. चेंबर व इंजिन यांच्या सांध्यात बुचाचे, रबराचे किंवा जाड कागदाचे पॅकिंग असते. तीन सिलिंडरच्या सर्वसाधारण ट्रॅक्टरमध्ये 6 ते 8 लिटर तेल मावते. सेकंदास एक थेंब गळत असेल, तर तासाला 3,600 थेंब होतात. सुमारे 25 थेंबांचा एक मिलिलिटर धरला, तर 10 तासांच्या कामात जवळजवळ दीड लिटर, म्हणजे एकूण तेलाचा पाचवा हिस्सा नाहीसा होतो. तेलाची पातळी फार उतरली की पंप तेलाबरोबर हवा ओढू लागतो, बेअरिंगे कोरडी पडतात व क्रँकशाफ्टची खराबी होते. पॅकिंगचा खर्च त्यापुढे काहीच नव्हे.

डाग खाली, दोष कोठे?

चेंबर हा इंजिनाचा सर्वांत खालचा भाग असल्यामुळे वर कोठेही गळालेले तेल अखेर त्याच्याच काठावरून टपकते. यास्तव चेंबर ओले दिसले, एवढ्यावरून त्याचे पॅकिंग गेले असा निर्णय करू नये. टॅपेट कव्हरचे पॅकिंग, तेलाच्या फिल्टरची बैठक, तेलदाब दाखविणाऱ्या यंत्रणेची जोडणी, क्रँकशाफ्टचे पुढचे व मागचे ऑइल सील आणि चेंबरचा ड्रेन प्लग ही गळतीची अन्य ठिकाणे होत. क्लच हौसिंगच्या तळाच्या छिद्रातून इंजिनाचे तेल येत असल्यास मागच्या सीलचा संशय प्रथम घ्यावा.

निदानाची पद्धत सोपी आहे. इंजिन थंड असताना बाहेरची सर्व घाण डिझेलमध्ये भिजविलेल्या ब्रशाने काढून, फडक्याने पुसून भाग कोरडा करावा. संशयित सांध्यांवर खडूची भुकटी हलकेच भुरभुरावी व जमिनीवर पुठ्ठा अंथरावा. नंतर इंजिन 15 ते 20 मिनिटे चालवून बंद करावे आणि विजेरीच्या उजेडात पाहणी करावी. भुकटी जेथे सर्वांत उंचावर ओली झाली असेल, तेथे गळतीचा उगम समजावा. पंख्याच्या वाऱ्याने तेल मागे ढकलले जाते, हेही ध्यानात ठेवावे.

ब्रीदरची तपासणी

पिस्टनच्या कडांमधून थोडा वायू इंजिनाच्या पोटात उतरतच असतो. तो बाहेर पडण्यासाठी ब्रीदर असतो. मळणीच्या दिवसांतील भुसा व धूळ यांनी ब्रीदर चोंदला की आतील दाब वाढतो व तेल सांध्यांतून बाहेर ढकलले जाते. अशा वेळी नवे पॅकिंग बसविले तरी पंधरा दिवसांत गळती पुन्हा सुरू होते आणि दोष मात्र कारागिराच्या माथी मारला जातो. म्हणून पॅकिंग आणण्यापूर्वी ब्रीदर काढून स्वच्छ करावा. ब्रीदर मोकळा असूनही त्यातून वायूचा जोराचा झोत येत असेल, तर पिस्टन-रिंगा झिजल्या असण्याचा संभव असतो.

बोल्ट ढिले असल्यास ते माफक आवळावेत. परंतु गळती थांबावी म्हणून बोल्टांवर जोर करणे हा सर्वत्र आढळणारा प्रमाद होय. त्यामुळे बुचाचे पॅकिंग चिरडून बाहेर येते, पत्र्याच्या चेंबरची कड भोकांपाशी वाकते व थेंबाची धार होते.

पॅकिंग बदलताना

पुष्कळ ट्रॅक्टरांचे चेंबर ओतीव असून यंत्राच्या पुढील भागाचा भार त्यावर असतो. असे चेंबर कार्यशाळेतच, इंजिनास भक्कम आधार देऊन काढावे. नुसत्या जॅकवर तोललेल्या ट्रॅक्टरखाली कोणीही जाऊ नये. पत्र्याचे चेंबर मात्र जाणत्या कारागिराच्या मदतीने गावातही काढता येते.

इंजिन थोडे कोमट करून बंद करावे, बॅटरीची ऋण तार सोडावी व तेल स्वच्छ भांड्यात काढावे. चेंबरला खालून आधार देऊन बोल्ट काढावेत. चिकटलेले चेंबर सुटत नसेल, तर लाकडी हातोडीने बाजूस हलके ठोकावे. सांध्यात पेचकस घालून उचकटू नये. जुन्या पॅकिंगचा प्रत्येक कण बोथट खरवडणीने काढावा. वाकलेली कड सपाट ठोकळ्यावर ठेवून सरळ करावी. तेलाची जाळी धुवावी. तळाच्या गाळात धातूची चकाकी आढळल्यास बेअरिंगांची तपासणी टाळू नये.

नवे पॅकिंग त्याच इंजिनासाठी तयार केलेले असावे. चिकट लेप निर्मात्याच्या पुस्तिकेत सांगितलेल्या ठिकाणीच, पातळ लावावा. जादा लेप आत पिळला जाऊन जाळी बंद करतो आणि गळतीपेक्षा मोठे संकट ओढवते. सर्व बोल्ट प्रथम हाताने लावावेत. मग मध्यापासून टोकांकडे, समोरासमोर, दोन-तीन फेऱ्यांत, पुस्तिकेत दिलेल्या मापाने टॉर्क पान्याने आवळावेत. ड्रेन प्लगला नवे वॉशर घालावे.

लेप वाळल्यावर योग्य प्रतीचे नवे तेल भरून इंजिन चालू करावे. तेलदाबाचा दिवा काही क्षणांत विझला नाही, तर इंजिन तत्काळ बंद करावे. काही मिनिटे चालवून बंद केल्यावर थोडा वेळ थांबून पातळी पुन्हा पाहावी. पहिल्या दिवसाच्या कामानंतर सांधा एकवार तपासावा. काढलेले तेल बांधावर, नाल्यात वा विहिरीजवळ ओतू नये. ते साठवून वापरलेले तेल घेणाऱ्या अधिकृत संकलकाकडे द्यावे.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी खडूच्या भुकटीचे हे प्रात्यक्षिक पेरणीपूर्वी, उन्हाळ्यातच, गावातील एखाद्या ट्रॅक्टरवर करून दाखवावे. शेतकऱ्यांनीही रोज सकाळी सपाट जागी, इंजिन सुरू करण्यापूर्वी तेलाची पट्टी पाहण्याचा व यंत्राखाली एकदा वाकून पाहण्याचा परिपाठ ठेवावा. बैल जोडण्यापूर्वी त्याचे खूर पाहणाऱ्या शेतकऱ्यास ही सवय मुळीच अवघड वाटणार नाही.